गाळ कुठं टाकणार?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज करण्याची अधिकृत वेळ ठरलेली आहे: रविवारी सकाळी दहानंतर. म्हणून बरोबर दहा वाजून एक मिनिटानं मी ड्राय बाल्कनीतल्या मशीनचं बटण दाबलं. पुनावळ्यातल्या अकराव्या मजल्यावरची ही बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन, झाडू, गॅसचं रिकामं सिलिंडर आणि आता माझा नवा छंद, एवढ्यांनीच भरलेली जागा. मशीन घुरघुरायला लागलं. आतले दगड उकळत्या भातासारखे हलू लागले आणि त्यांच्यातून बाबांच्या चेतकचा ब्रेक लिव्हर मधूनच वर यायचा, पुन्हा बुडायचा.

या मशीनला व्हायब्रेटरी टम्बलर म्हणतात. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये याच्या थोरल्या भावाला नुसतं 'व्हायब्रो' म्हणतात. रचना अगदी साधी आहे. स्प्रिंगवर बसवलेलं एक गोल भांडं, त्याच्याखाली मोटर आणि मोटरच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला लावलेलं वजन. जुन्या फोनमधली व्हायब्रेशनची मोटर अशीच असायची. वजन एका बाजूला असल्यामुळे मोटर फिरताना सगळं भांडं थरथरतं. भांड्यात सिरॅमिकचे छोटे त्रिकोणी तुकडे, म्हणजे मीडिया, भरायचे. थोडं पाणी, थोडा साबण घालायचा आणि साफ करायचे भाग टाकून द्यायचे. मीडिया प्रत्येक भागावर हजारो वेळा हळूच घासला जातो. गंज जातो, धारदार कडा म्हणजे 'बर' जातात, धातू उजळतो. गाडीच्या गिअरपासून ते हाडात बसवायच्या इम्प्लांटपर्यंत कितीतरी वस्तू या थरथराटातून जातात.

बाबा बाल्कनीच्या दारात उभे राहून बघत होते. त्यांनी भोसरीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी अशाच मशीनवर. फक्त त्यांचं मशीन पाण्याच्या टाकीएवढं होतं. मला वाटलं, ते म्हणतील की मीडिया चुकीचा आणलास किंवा पाणी जास्त झालं. खरं तर त्यांनी कौतुक करावं अशीच माझी इच्छा होती. त्यांनी एकच विचारलं.

"गाळ कुठं टाकणार?"

"बाथरूममध्ये. पाणीच तर आहे."

ते आणखी दोन मिनिटं उभे राहिले आणि पेपर वाचायला गेले.

मशीन घ्यायच्या आधी मी चाळीस तरी व्हिडिओ पाहिले होते. गंजलेला पाना आत जातो, चकचकीत पाना बाहेर येतो. आधी आणि नंतर. मधल्या सहा तासांचे सहा सेकंद केलेले असतात. त्या चाळीस व्हिडिओंत भांड्यातल्या काळ्या पाण्याचं पुढं काय झालं, हे मला कुठं दिसलं नव्हतं. आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

*

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच कथा आहे. त्यामुळे हाताला तेल लागावं अशी एक हौस राहून गेलेली असते. १९९६ ची चेतक पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून होती. ती उघडून, एकेक भाग साफ करून, पुन्हा चालू करायची, असं मी ठरवलं. बजाजनं १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या या स्कूटरवर आपल्या पट्ट्यातली किती घरं उभी राहिली याचा हिशेब नाही. आकुर्डीत ती बनायची आणि तिचे छोटे-मोठे भाग आजूबाजूच्या शेकडो शेडमध्ये. बाबांच्या हातून गेलेला एखादा भाग बाबांच्याच स्कूटरमध्ये बसला असेल का, हा विचार मला फार आवडायचा.

इंजिनिअर असल्यामुळे मी पहिल्याच खेपेला मोजमाप केलं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणला. आत टाकण्याआधी भागांचं एकूण वजन होतं १८४० ग्रॅम. सहा तासांनी धुऊन, वाळवून पुन्हा केलं: १८३३. म्हणजे सात ग्रॅम गेले. त्यात ग्रीस, गंज, जुना काजळीचा थर आणि थोडा खुद्द धातूही. मग मीडिया वाळवून तोलला. तीन किलो टाकला होता. २८९० ग्रॅम भरला.

हा आकडा बघून मी काटा बंद करून पुन्हा चालू केला. सात ग्रॅम घाण काढायला एकशे दहा ग्रॅम दगड झिजला होता. मशीनमध्ये बिघाड नव्हता. व्हायब्रोचं काम असंच चालतं. मीडिया झिजतो म्हणूनच त्याची धार ताजी राहते. पण आपल्या डोळ्यांसमोर साफसफाईचं जे चित्र असतं ते वेगळं असतं. वस्तू आहे, तिच्यावर घाण आहे, घाण गेली, वस्तू उरली. काट्यानं सांगितलेलं चित्र असं होतं: वस्तूही थोडी गेली, साफ करणारा त्याहून जास्त गेला, आणि हे सगळं मिळून जे तयार झालं ते मूळ घाणीच्या सोळापट होतं.

ते सगळं त्या बादलीत होतं. राखाडी, जाडसर, तळाशी बसणारं. मी बादली बाथरूममध्ये ओतली आणि वरून दोन तांबे पाणी टाकलं. फरशी स्वच्छ झाली.

*

अशा चार खेपा झाल्या. मग एका सकाळी बाथरूममध्ये पाणी तुंबलं.

सोसायटीत येणाऱ्या प्लंबरकाकांना बोलावलं. ते पोटावर आडवे झाले, नहाणी ट्रॅपची जाळी काढली, आधी तार घालून बघितली. तार काही करेना. मग त्यांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात आत घातला. हातमोजा नाही, काही नाही. मूठभर राखाडी लगदा बाहेर आला, अर्धवट घट्ट झालेल्या सिमेंटसारखा. त्यांनी तो बोटांत चोळून बघितला.

"दादा, टाइल्सचं काम केलं का? सिमेंट ओतलंय कुणीतरी."

"नाही हो. काहीतरी पावडर असेल," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो, याचा मी नंतर बराच विचार केला. ते मला ओरडले नसते. पैसे जास्त मागितले नसते. खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे त्या लगद्यात काय आहे ते सांगावं लागलं असतं आणि ते मला माहीत नव्हतं. त्यांनी आमच्याच साबणानं हात धुतले, चहा घेतला, चारशे रुपये घेतले आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला गेले. मुठीतला लगदा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आमच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

त्या रात्री मी वाचायला बसलो की त्या पाण्यात नक्की काय होतं.

अमेरिकेत घरगुती टम्बलरचा मोठा वापर वेगळ्याच कामासाठी होतो. तिथं नेमबाजीचा शौक असणारे लोक झाडलेल्या गोळ्यांची पितळी काडतुसं पुन्हा भरतात. ती आधी टम्बलरमध्ये अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भुश्यात उजळून घेतात. काडतुसाच्या बुडाशी जो स्फोटक ठिपका असतो त्यात शिशाचं संयुग असतं. ते जळून त्याची राख काडतुसात राहते आणि टम्बलरमध्ये भुश्यात उतरते. भुसा ओतताना धूळ उडते. म्हणून तिथं अनुभवी माणसं नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगतात: हे घरात करू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, मास्क लावा.

माझ्याकडे काडतुसं नव्हती. पण स्कूटर १९९६ ची होती आणि भारतात शिसंमिश्रित पेट्रोल देशभर बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. म्हणजे सिलिंडर हेडवरच्या काजळीत सुरुवातीच्या वर्षांचं शिसं असू शकत होतं. आणि ते पिवळट सोनेरी नट-बोल्ट? तो रंग जस्ताच्या थरावर दिलेल्या क्रोमेटचा. जुन्या प्रकारच्या पिवळ्या क्रोमेटमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं, जे कर्करोगाला कारण ठरतं. युरोपनं गाड्यांमधला त्याचा वापर २००७ पासून जवळजवळ बंद केला. मी ते नट-बोल्ट सहा तास घासून पांढरे केले होते. वर गंमत अशी की तो थर गंज लागू नये म्हणूनच होता. माझे चकचकीत बोल्ट पहिल्या पावसात आधीपेक्षा लवकर गंजले.

अतिशयोक्ती करत नाही. चार बादल्यांत शिसं असलंच तर चिमूटभर असेल, क्रोमियम त्याहून कमी. एकदा हात लावल्यानं प्लंबरकाकांना काही झालं असेल असं मला वाटत नाही. पण मला टोचत होतं ते वेगळंच. त्या मुठीत काय आहे हे शोधून काढण्याची ताकद, वेळ, इंटरनेट आणि डिग्री माझ्याकडे होती. मूठ मात्र त्यांची होती.

*

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना 'डेव्ह नल' माहीत असतं. लिनक्समध्ये ही एक खास जागा आहे. नको असलेला कुठलाही डेटा तिच्याकडे पाठवला की तो नाहीसा होतो. साठत नाही, भरत नाही, तुंबत नाही. मी रोज कशाची ना कशाची तरी बोळवण तिथं करतो. तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

माझ्या लक्षात आलं की मी बाथरूमच्या जाळीला डेव्ह नल समजत होतो. कचऱ्याच्या डब्याला, फ्लशला, वॉशिंग मशीनच्या पाइपलाही. या सगळ्या जागा वापरताना मनात एकच भावना असते: गेलं. पण वस्तूंच्या जगात डेव्ह नल नाही. तिथं प्रत्येक गोष्ट कुठंतरी जाते आणि त्या 'कुठंतरी'ला गाव असतं, नाव असतं, तिथं माणसं राहत असतात.

माझ्या बादलीचंच बघा. आमच्या सोसायटीत सांडपाण्याचा प्लँट आहे, एसटीपी. तिथं जिवाणू आपली घाण खातात आणि ते पाणी पुन्हा फ्लशला आणि बागेला येतं. जिवाणू साबण खातात, अन्न खातात, मैला खातात. शिसं खात नाहीत, क्रोमियम खात नाहीत. ते एक तर तळाच्या गाळात बसतं किंवा पाण्याबरोबर बागेत जातं. बागेत संध्याकाळी सोसायटीतली पोरं खेळतात. गाळ टँकरनं जातो आणि टँकरमध्ये भरण्याआधी टाकीत कुणीतरी उतरलं तर? माणसाला अशा टाक्यांत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलंय, तरी माणसं उतरवली जातात आणि गुदमरून मरतात, हे आपण पेपरात वाचतोच.

जी गोष्ट बादलीची तीच शहराची. पुनावळ्यात महापालिकेचा कचरा डेपो होणार होता. जागा वनखात्याची, झाडी चांगली. इथं राहणाऱ्यांनी मोठा विरोध केला. मोर्चे निघाले, सह्या झाल्या. त्यात माझीही सही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली आणि आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. झाडी वाचली याचा मला आजही आनंद आहे. सही मागे घ्यायची वेळ आली तरी मी घेणार नाही. पण त्या दिवशीही सकाळी आमची घंटागाडी आली होती आणि ती भरून मोशीकडे गेली होती. मोशीच्या डेपोशेजारीही सोसायट्या आहेत, तिथंही पोरं आहेत, तिथंही व्हॉट्सॲप ग्रुप असणार. आमच्या जल्लोषात 'मोशीचं काय?' असा एकही मेसेज नव्हता. माझाही नव्हता.

मोशीत कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची योजना आहे. चांगली गोष्ट आहे. पण जाळल्यावर राख उरते आणि राखेलाही जागा लागते. माझ्या टम्बलरचाच धडा मोठ्या आकड्यांत.

आणखी एक चित्र या पट्ट्यातल्या सगळ्यांनी पाहिलंय. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस. ढगासारखा, कापसासारखा. त्याचे फोटो वारीच्या दिवसांत हमखास फिरतात आणि आपण कारखान्यांना शिव्या देतो. कारखान्यांचा दोष आहेच. पण फेस येतो साबणामुळे आणि प्रक्रिया न होता नदीत जाणाऱ्या घरगुती सांडपाण्यामुळेही. म्हणजे त्या फेसात आपले धुतलेले शर्ट आहेत, लखलखणारी भांडी आहेत, शॅम्पू केलेले केस आहेत. तो आपल्या घाणेरडेपणाचा पुरावा आहे, असं आपण म्हणतो. निम्मा तरी तो आपल्या स्वच्छतेचा पुरावा आहे.

*

प्रश्न असा आहे: वस्तू स्वच्छ झाली असं कधी म्हणायचं?

मी पूर्वी म्हटलं असतं, वस्तूकडे बघून. चमकली की झाली. आता मला वाटतं, वस्तूकडे बघून ते कळतच नाही. चमक हा अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा बादलीत असतो आणि तो कुणाच्या दारात जातो त्यावर ठरतं की आपण वस्तू स्वच्छ केली की फक्त घाणीचा पत्ता बदलला.

यावर माझ्या मित्राचा युक्तिवाद असा: "मग तू घरी कशाला करतोस? कारखान्यात करून घे. तिथं पाण्यावर प्रक्रिया करावी लागते, गाळाची नोंद ठेवावी लागते." त्याचं म्हणणं चूक नाही. घातक गाळ कारखान्यांना कुठंही टाकता येत नाही; आपल्या जिल्ह्यात त्यासाठी रांजणगावला सामाईक व्यवस्था आहे. नियम पाळणारा कारखाना माझ्या बाल्कनीपेक्षा नक्कीच जबाबदार आहे. पण मला कारखान्याची दुसरीही बाजू माहीत आहे, कारण ती रोज संध्याकाळी आमच्या घरी यायची.

बाबांच्या नखांत कायम राखाडी रेघ असायची. लग्नाला जातानाही ती जायची नाही. त्यांचे कामाचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. माझा शाळेचा पांढरा शर्ट त्या बादलीत चुकून गेला की तिचा जीव वरखाली व्हायचा. लहानपणी मला वाटायचं, बाबांचे कपडे म्हणजे काहीतरी कमी प्रतीचे. त्या बादलीतल्या पाण्याचा रंग मी ड्राय बाल्कनीत पुन्हा पाहिला तेव्हा ओळखला. माझी फी त्या रंगातून आली. चमकलेले भाग शोरूमला गेले, गाळाचा एक हिस्सा त्यांच्या नखांत आणि आमच्या बादलीत आला आणि त्या व्यवहारातून एक मुलगा एसीत बसून डेव्ह नल वापरायला शिकला.

म्हणून त्यांनी मशीन बघितल्याबरोबर गाळाचं विचारलं. ज्याच्या वाट्याला गाळ आलाय त्याला तो प्रश्न आधी सुचतो. ज्याच्या वाट्याला चमक येते त्याला तो व्हिडिओ संपल्यावरही सुचत नाही.

मग उपाय काय? प्रत्येकानं आपापली घाण आपल्या हातानं काढायची? महाराष्ट्रात हे उत्तर फार गंभीरपणे देऊन झालंय. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. तिथं मैलासफाई ठरावीक जातींच्या कैद्यांकडूनच करून घेत. ते काम मलाही द्या, अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्न सोडण्याचा मार्ग धरला आणि येरवड्याच्या तुरुंगातल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास सुरू केला. घाणीचं काम करू द्या म्हणून उपास! मला ही गोष्ट वाचली की अजून थक्क व्हायला होतं.

पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. १९४५ च्या पुस्तकात डॉ. आंबेडकरांनी सफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवणाऱ्या विचारावर कठोर हल्ला केला. ज्यांच्यावर ते काम जन्मानं लादलंय त्यांना त्याचं मोठेपण सांगणं ही त्यांची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा आशय होता. हे वाचल्यावर मला माझ्या बादलीबद्दल फार हळवं होण्याची लाज वाटली. रविवारी दोन तास गाळ हाताळून मी कुणी मोठा होत नाही. मी हातमोजे घालतो आणि सोमवारी लॅपटॉप उघडतो. प्लंबरकाकांना सोमवारीही दुसरी जाळी असते.

नंतर ते सोसायटीत दिसले तेव्हा मी त्यांना गाठून सगळं सांगितलं. मशीनचं, पाण्याचं, मी तेव्हा खोटं बोललो त्याचं. मला वाटलं होतं की मन हलकं होईल. ते हसले. "दादा, आम्ही काय काय हातानं काढतो, तुम्हाला माहितीये का? तुमची ती पावडर तर बरी होती." मग जरा थांबून म्हणाले, "पण सांगायला पायजे होतं. मी हातमोजा घातला असता ना. असतोय पिशवीत."

हातमोजा त्यांच्या पिशवीत होता. फक्त कुणी सांगत नाही, म्हणून तो कधी घालायचा हे त्यांना कळत नाही.

*

गावी आमच्या घरामागं मोरीचं पाणी अळूला जायचं. तुमच्यापैकी अनेकांच्या गावी जात असेल. भांडी राखेनं घासलेली, अंघोळ डाळीच्या पिठानं किंवा साध्या साबणानं, आणि ते पाणी एका चरातून परसात. तिथं अळूची पानं सुपाएवढी व्हायची. सणाला त्याच पानांची फतफतं किंवा वड्या. आजी मोरीत काही वेडंवाकडं ओतू द्यायची नाही. "अळूला जातंय ते," म्हणायची. तिला पर्यावरण वगैरे शब्द माहीत नव्हते. तिला एवढंच माहीत होतं की या जाळीतून जे जातं ते पुढच्या आठवड्यात ताटात येतं.

त्या गावाचं मला गोडवं गायचं नाही. त्याच गावात काही प्रकारची घाण ठरावीक घरांनीच उचलायची अशी रीत होती आणि ती घरं गावाबाहेर होती. म्हणजे अळूचा न्याय मोरीपुरताच होता. मेलेलं जनावर कुणाच्या अळूला जातंय हे गाव विचारत नव्हतं. पण मोरीपुरता का होईना, तो न्याय मला पटतो. ज्याला चमक हवी त्याच्या ताटापर्यंत गाळाची वाट गेली पाहिजे. आणि तशी वाट नसेल, गाळ दुसऱ्याच्या हातात जाणारच असेल, तर निदान त्या माणसाला आधी सांगितलं पाहिजे की यात काय आहे, आणि नाही म्हणायची मुभा त्याला असली पाहिजे. शहरात राहून आपण आपला सगळा गाळ स्वतः जिरवू शकत नाही. पत्ता माहीत करून घेऊ शकतो. ज्याच्या हातात तो देणार त्याच्याशी खोटं न बोलणं तरी जमू शकतं.

मशीन मी विकलं नाही. आता पिवळे नट-बोल्ट त्यात टाकत नाही. ते रॉकेलनं पुसून तसेच वापरतो. काजळी असलेले भाग टाकत नाही. बाकीच्या भागांचं पाणी बादलीत दोन दिवस ठेवतो. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी पुढच्या खेपेला पुन्हा वापरतो. तळाचा गाळ जुन्या कापडातून गाळून, वाळवून रंगाच्या रिकाम्या डब्यात भरतो. पहिल्या डब्यावर मी काही लिहिलं नव्हतं. एक दिवस बघितलं तर बाबांनी मार्करनं तारीख घातली होती आणि खाली लिहिलं होतं: 'ॲल्यु. + मीडिया. हात लावू नये.' कारखान्यात लिहायचे तसं, सरळ, मोठ्या अक्षरांत.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करण्याची तरतूद होती. त्या आधारावर मी महापालिकेकडे दोनदा विचारणा केली आहे. अजून डबा कुणी नेलेला नाही. तो ड्राय बाल्कनीत गॅसच्या सिलिंडरशेजारी आहे आणि आता त्याच्या शेजारी दुसराही आलाय. आई म्हणते जागा अडते. अडतेच. कपडे वाळत घालताना रोज पाय लागतो.

चेतक मागच्या महिन्यात सुरू झाली. बाबांनी तिला तिरकी करून, दोनदा किक मारून, पुनावळ्याच्या चौकापर्यंत एक चक्कर मारली. परत आल्यावर त्यांनी ब्रेक लिव्हरवरून अंगठा फिरवला, कडा बघितली आणि म्हणाले, "बर नीट निघालाय." मग बाल्कनीत जाऊन दुसऱ्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते तपासलं.